कातडीतून किती पाणी उडतं, आणि ते का मोजायचं

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या बेदाणा शेडवर गेलात, तर रॅकवर माल टाकण्याआधीचं एक काम हमखास दिसेल. थॉमसन किंवा तास-ए-गणेशचे घड क्रेटसकट एका द्रावणात बुडवून काढतात. पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट. लिटरला साधारण २५ ग्रॅम पहिलं आणि १५ मिली दुसरं. दोन-चार मिनिटं बुडवायचं, निथळू द्यायचं आणि जाळीवर पसरायचं. पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. हे न करता तीच द्राक्षं नुसती पसरली तर वाळायला कितीतरी जास्त दिवस लागतात, कारण सालीवर मेणाचा अगदी पातळ थर असतो आणि तो आतल्या पाण्याला बाहेर पडू देत नाही. डिपिंगनं साल फाटत नाही, द्राक्ष चिरत नाही, नुसत्या डोळ्यांना फारसं काही कळतही नाही. मेणाच्या थराची घडी तेवढी विस्कटते आणि पाणी झपाट्यानं उडू लागतं.

माणसाच्या कातडीचं गणित याच जातीचं आहे. कातडी वरून शाबूत दिसते, ना जखम ना पुरळ, तरी आतल्या आत तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी झालेली असू शकते. ही ताकद मोजायची एक पद्धत आहे: कातडीच्या ठरावीक जागेतून तासाला किती पाणी वाफ होऊन जातं ते मोजायचं. इंग्रजीत याला ट्रान्सएपिडर्मल वॉटर लॉस म्हणतात, आणि त्वचारोगाच्या संशोधनात सगळे टीईडब्ल्यूएल या आद्याक्षरांनीच ओळखतात. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. कातडीबद्दल शिकवताना एवढा एक आकडा विद्यार्थ्यांना नीट कळला, तर साबण, तेल, क्रीम, मलम या सगळ्यांकडे बघण्याची त्यांची नजर बदलते, असा माझा अनुभव आहे.

कवच नेमकं कुठे आहे

कातडी चांगली जाड असली तरी पाणी अडवण्याचं जवळजवळ सगळं काम तिचा अगदी वरचा थर करतो. हा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. पंधरा-वीस पापुद्रे एकावर एक, आणि सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकी. तळहात-तळपायाला तो जास्त जाड असतो. पेशींच्या मधल्या फटींत स्निग्ध पदार्थ ठासून भरलेले असतात. वजनानं पाहिलं तर त्यांत निम्मा वाटा सिरॅमाइडचा, पाव वाटा कोलेस्टेरॉलचा, आणि उरलेल्यात मुख्यतः फॅटी ॲसिड. आतल्या पाण्याला बाहेर यायचं तर या स्निग्ध फटींमधूनच वाकडी वाट काढत यावं लागतं. पाणी आणि तेलाचं जमत नाही, म्हणून ही वाट त्याला जड जाते.

हे स्निग्ध पदार्थ बनवायला लिनोलेइक ॲसिड लागतं आणि ते शरीर स्वतः तयार करू शकत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. १९२९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोनं उंदरांच्या आहारातून स्निग्धांश पूर्ण काढून टाकला. उंदरांच्या कातडीवर खवले आले आणि ते खूप पाणी प्यायला लागले. प्यायलेलं पाणी कातडीतून निघून जात होतं. आवश्यक फॅटी ॲसिड ही कल्पनाच तिथून पुढे आली. आपल्याकडे जत, माण, खटावच्या कोरडवाहू रानात पिकणाऱ्या पारंपरिक करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर हेच लिनोलेइक ॲसिड असतं. रोजच्या जेवणात आज बहुतेकांना ते पुरेसं मिळतं, त्यामुळे कातडी कोरडी पडली म्हणून करडईचं तेल पिण्याची गरज नाही.

पेशींच्या आत फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन असतं. ते तुटून त्याचे जे बारीक घटक होतात ते पाणी धरून ठेवतात. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातले अर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की फिलॅग्रिनच्या जनुकात बिघाड असलेल्यांना ॲटोपिक एक्झिमा, म्हणजे लहानपणापासून होणारा खाजरा इसब, होण्याची शक्यता बरीच वाढते. त्याआधी बहुतेकांचा समज असा होता की रोगप्रतिकारशक्ती आतून भडकते आणि त्यामुळे कातडी खराब होते. या शोधानंतर उलट दिशेचा रस्ताही ठळक झाला: कवच आधी गळकं असतं, त्यातून बाहेरची धूळ, जंतू, ॲलर्जीचे पदार्थ आत शिरतात आणि मग भडका उडतो. जिथून पाणी बाहेर जातं तिथूनच नको ते आत येतं, म्हणून पाण्याच्या आकड्याला इतकं महत्त्व आलं.

आकडा किती

मोजमापाचं एकक आहे ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति तास. धडधाकट माणसाच्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मध्ये, तो साधारण ५ ते १० येतो. कपाळावर जास्त, तळहातावर त्याहून जास्त. इसबाच्या चट्ट्यावर तो २०, ३०, कधी त्याच्याही पुढे जातो.

८ हा आकडा धरून हिशेब करू. मोठ्या माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ अंदाजे १.७ चौरस मीटर. ८ गुणिले १.७ गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला सव्वातीनशे ग्रॅम पाणी. यात घाम धरलेला नाही. गार खोलीत नुसतं बसून राहिलात तरी एवढं पाणी न दिसता, न जाणवता जातंच. आता भाजलेल्या माणसाचा विचार करा. रुग्णालयात अशा रुग्णाच्या शरीरातून किती पाणी उडतंय याचा अंदाज बांधायला एक जुनं सूत्र वापरतात: २५ मध्ये भाजलेल्या भागाची टक्केवारी मिळवायची आणि येणाऱ्या बेरजेला शरीराच्या क्षेत्रफळानं गुणायचं, की तासाला किती मिली ते कळतं. ४० टक्के भाजलेल्या माणसाचं उत्तर येतं तासाला ११० मिली, म्हणजे दिवसाला अडीच लिटरच्या वर, तेही नुसतं वाफ होऊन. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकं ते कवच काय काम करत होतं, ते इथे कळतं.

मोजतात कसं

न दिसता शरीराचं वजन कमी होतं, हे पाहणारा पहिला नेटका माणूस म्हणजे इटलीतल्या पादुआचे वैद्य सांतोरियो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचं, खाल्लेल्या अन्नाचं आणि मलमूत्राचं वजन वर्षानुवर्षं करून ठेवलं. खाल्लेल्यापैकी मोठा भाग असाच कुठेतरी नाहीसा होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यात श्वासातली वाफही होती, पण प्रश्न त्यांनी बरोबर पकडला होता.

आजच्या यंत्राचा पाया १९७७ साली स्वीडनमधल्या लिंकोपिंगला गेर्ट निल्सन यांनी घातला. यंत्राचा हातात धरायचा भाग पेनापेक्षा थोडा जाड. त्याच्या टोकाला दोन्ही बाजूंनी उघडी अशी छोटी नळी, एक सेंटिमीटर रुंद आणि दोनेक सेंटिमीटर उंच. नळीच्या आत दोन वेगवेगळ्या उंचींवर आर्द्रता आणि तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या जोड्या बसवलेल्या. कातडीच्या लगतच्या हवेत वाफ जास्त, थोडं वर गेलं की कमी. हा फरक जितका मोठा, तितकी वाफ जास्त वेगानं वर जात असणार. अडॉल्फ फिक यांनी १८५५ साली मांडलेला विसरणाचा, म्हणजे जास्त दाटीकडून कमी दाटीकडे पसरण्याचा, नियम इथे जसाच्या तसा लागू होतो, आणि दोन उंचींवरच्या फरकावरून यंत्र आकडा काढून देतं. सुई नाही, कापणं नाही, दुखणं नाही. जर्मनीत बनणारं टेवामीटर या प्रकारातलं.

दुसऱ्या प्रकारात नळी वरून बंद असते. ती कातडीवर टेकवली की आतली आर्द्रता वाढत जाते, आणि किती वेगानं वाढली त्यावरून आकडा निघतो. हे काही सेकंदांत होतं आणि वाऱ्याचा त्रास कमी. मात्र आत वाफ साठत असल्यामुळे सलग मोजता येत नाही, दर वेळी नळी उघडून हवा बदलू द्यावी लागते. तिसऱ्या प्रकारात बंद नळीच्या वरच्या टोकाला शून्याच्या खाली गार केलेली पट्टी असते. ती वाफ ओढून घेत राहते, म्हणून सलग मोजता येतं.

यंत्र कुठलंही असो, आकडा खरा येणं हे यंत्रापेक्षा मोजणाऱ्यावर जास्त अवलंबून असतं, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. खोलीचं तापमान २० ते २२ अंश हवं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत, शक्यतो ४० च्या आसपास. आलेल्या माणसानं बाही वर करून पंधरा ते तीस मिनिटं शांत बसायचं. पंखा बंद, खिडकी बंद, दिव्याचा झोत हातावर नको. आदल्या रात्रीपासून त्या जागी क्रीम-तेल काही लावलेलं नको, काही तास आधी साबणानं धुतलेलं नको. मग नळी सपाट, हलक्या हातानं टेकवून अर्धा-एक मिनिट थांबायचं, आकडा स्थिर झाला की लिहायचा, आणि असं दोन-तीनदा करून सरासरी घ्यायची. मोजणाऱ्यानं जवळ येऊन उसासा टाकला तरी उघड्या नळीतला आकडा हलतो.

हे सगळं वाचून सांगलीतल्या मे महिन्याची आठवण झाली असेल. पारा ३८-४० वर, पंखा बंद, आणि घाम नको म्हणताय! घाम हाच या मोजमापाचा सगळ्यात मोठा शत्रू. घाम ग्रंथीतून येतो, कवचातून झिरपणाऱ्या पाण्याशी त्याचा संबंध नाही, पण यंत्राला दोन्ही सारखेच. नळीला फक्त वाफ कळते, ती कुठून आली ते कळत नाही. घाबरलेल्या माणसाच्या तळहाताला घाम सुटतो, म्हणून तळहातावरचा आकडा तर आणखी फसवा. पावसाळ्यात उलट अडचण. जुलैत हवा वाफेनं इतकी भरलेली असते की कातडीतून निघणाऱ्या वाफेला वर जायला ओढच राहत नाही, आणि आकडा उगीचच छोटा दिसतो. त्यामुळे एसी आणि आर्द्रतामापक नसलेल्या खोलीत जानेवारीत घेतलेला आकडा आणि जुलैत घेतलेला आकडा शेजारी मांडून ‘कातडी सुधारली’ म्हणणं चूक आहे. एकट्या सातारा जिल्ह्यात एका टोकाला महाबळेश्वरचं धुकं आणि दुसऱ्या टोकाला माणचा कोरडा वारा. दोन ठिकाणच्या माणसांची तुलना करायची तर दोघांना एकाच खोलीत बसवावं लागेल.

आणखी एक बारकावा. आकडा वाढला म्हणजे कवच मोडलंच असं नाही. अन्नाच्या ॲलर्जीची तपासणी करताना, रुग्णालयात देखरेखीखाली शेंगदाण्यासारखा पदार्थ थोडा थोडा खायला देतात. तीव्र प्रतिक्रिया येऊ घातली की तिची लक्षणं दिसण्याआधीच हाताच्या कातडीवरचा टीईडब्ल्यूएल चढतो, असं अमेरिकेतल्या संशोधकांना अलीकडे आढळलं आहे. तिथे कवच शाबूत असतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी गरम होते आणि पाणी जास्त जातं. जिवावर बेतणारी प्रतिक्रिया वेळेआधी ओळखायला याचा उपयोग होऊ शकेल, म्हणून मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं.

शेडवरचे हात

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय लिहायला घेतला तिच्याकडे येते. बेदाण्याच्या हंगामात डिपिंगच्या टाकीवर काम करणाऱ्या एका मावशींनी मला हात दाखवले होते. म्हणाल्या, “मॅडम, दिसाया काय न्हाई बगा, पन चटणीला हात लावला की नुसती आग हुती.” हात खरंच बऱ्यापैकी चांगले दिसत होते. थोडे राठ, नखांजवळ थोडे लालसर. पण त्या जे सांगत होत्या ते शास्त्राला धरून होतं. कवच गळकं झालं की मिठा-मिरचीचे कण आत पोचतात आणि आग होते. भेगा त्यानंतर पडतात.

प्रयोगशाळेत हे अनेकदा पाहिलं गेलं आहे. सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस करणारा पदार्थ कितीतरी शाम्पू-पेस्टमध्ये असतो. त्याचं पातळ द्रावण कातडीवर पट्टीखाली ठेवलं की जसं प्रमाण वाढवाल तसा टीईडब्ल्यूएल चढतो, आणि लाली डोळ्यांना दिसायच्या आधीच यंत्र बिघाड पकडतं. डिपिंगचं द्रावण तर चांगलंच अल्कधर्मी, पीएच (आम्ल-अल्काचं माप) ११ च्या आसपास. निरोगी कातडीचा पीएच ४.५ ते ५.५, म्हणजे सौम्य आम्ल. सिरॅमाइड तयार करणारी विकरं याच आंबटपणात नीट काम करतात. कातडी अल्कधर्मी झाली की ती मंदावतात, आणि कवच तोडणारी दुसरी विकरं जोर धरतात. साध्या अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, कपड्यांच्या वड्यांचा आणखी वर. त्यामुळे दिवसभर डिपिंगच्या पाण्यात हात आणि संध्याकाळी धुणं-भांडी, म्हणजे त्या बाईच्या हातांना कवच पुन्हा बांधायला वेळच मिळत नाही.

कारण कवच पुन्हा बांधलं जातं, ही कातडीची मोठी शक्ती आहे. द्राक्ष तोडलेलं असतं, त्याचा मेणाचा थर परत येत नाही. कातडी जिवंत आहे. संशोधक चिकटपट्टी लावून-ओढून वरचे पापुद्रे काढतात आणि आकडा कसा खाली येतो ते दर काही तासांनी मोजतात. पहिल्या काही तासांत बराचसा भाग भरून येतो, पूर्ण व्हायला तीन दिवस तरी जातात. ऐंशीच्या पुढच्या माणसांत हेच काम कितीतरी संथ चालतं. गंमत अशी की म्हाताऱ्या माणसाचा एरवीचा टीईडब्ल्यूएल तरुणाइतका किंवा त्याहूनही कमी असू शकतो. कवच ठीक दिसतं, पण एकदा मोडलं की उभं राहायला वेळ लागतो. म्हणून आजी-आजोबांना रोज गरम पाणी आणि साबणानं खसखसून आंघोळ घालू नये.

जर्मनीत कामगार-सुरक्षेचे नियम ‘ओलं काम’ कशाला म्हणायचं ते ठरवून देतात. दिवसात २ तासांपेक्षा जास्त वेळ हात ओले असणं, किंवा वारंवार हात धुणं. आपल्याकडे हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायका, रुग्णालयातल्या आया आणि सिस्टर, गोठ्यात धार काढणारे, शेडवरचे मजूर, हे सगळे या व्याख्येत सहज बसतात. मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गावात तर घरटी एखादी व्यक्ती सापडेल.

त्या मावशींना आणि त्यांच्या शेडमालकाला जे सांगितलं तेच इथे लिहिते. टाकीवर काम करताना कोपरापर्यंतचे रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, आत पातळ सुती मोजे, कारण नुसत्या रबरात हात घामानं ओला राहतो आणि पुन्हा तेच होतं. सुती मोजा ओला झाला की बदलायचा. म्हणजे जोड्या दोन-तीन हव्यात, आणि तो खर्च मालकाचा. द्रावण हातावर उडालं तर लगेच साध्या पाण्यानं धुवायचं, साबण नाही. काम संपल्यावर आणि झोपताना पेट्रोलियम जेलीचा थर. याहून महाग काही लागत नाही. पेट्रोलियम जेलीचा जाड थर दिल्यावर टीईडब्ल्यूएल ९५ टक्क्यांच्याही वर कमी होतो. खाद्यतेलांनी किंवा साध्या लोशननं तो तितका कधीच उतरत नाही. ती नुसती वर बसून राहते असंही नाही. पापुद्र्यांच्या फटींत शिरते आणि तिच्या खाली कवचाची डागडुजी चालूच राहते. भेगांना कोकमतेल लावायची आपल्याकडची रीतही चांगली आहे, पण भेगा पडायच्या आधी लावलं तर जास्त उपयोग.

बाळाची कातडी

या आकड्यानं सगळ्यात जास्त जीव कुठे वाचवले असतील तर ते नवजात अतिदक्षता विभागात. पूर्ण दिवसांचं बाळ कवच तयार करूनच जन्माला येतं. पण २५-२६ आठवड्यांत जन्मलेल्या बाळाचं कवच जवळजवळ नसतंच. स्वीडनमध्ये उप्सालाच्या डॉक्टरांनी १९७९ च्या सुमारास अशा बाळांवर बारकाईनं मोजमाप केलं, तेव्हा पहिल्या दिवसाचा आकडा ६० च्या घरात आला. ७०० ग्रॅमच्या बाळाची कातडी जेमतेम ०.०७ चौरस मीटर. हिशेब केला तर दिवसाला १०० ग्रॅम पाणी, म्हणजे वजनाचा सातवा हिस्सा. शिवाय पाणी वाफ व्हायला उष्णता घेतं. १०० ग्रॅम पाण्यामागे सुमारे ५८ किलोकॅलरी, आणि एवढंसं बाळ दिवसभरात तेवढी उष्णता तयारही करू शकत नाही. म्हणून काचेच्या पेटीत नुसती ऊब पुरत नाही, पहिले काही दिवस हवाही दमट ठेवावी लागते. ‘बाळाला पेटीत का ठेवलंय, आमच्या मांडीवर का देत नाही’ असं विचारणाऱ्या घरच्यांना हा हिशेब कुणीतरी समजावून सांगितला पाहिजे. पुढे बाळ स्थिर झालं की आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवणं हा उपचार आहेच. जन्मल्यावर दोन ते चार आठवड्यांत अशा बाळाचं कवचही बरंचसं तयार होतं.

ढाक्यातल्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हातानं लावून पाहिलं. रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. भारतातही कमी वजनाच्या बाळांवर खोबरेल तेलाचा प्रयोग झाला आणि त्यांचा टीईडब्ल्यूएल कमी झालेला आढळला. म्हणजे तेल लावणं ही आपली रीत सरसकट मागास ठरवण्यासारखी नाही. पण तेलातेलात फरक आहे: इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांच्या हातावर ऑलिव्ह तेल लावून पाहिलं तर कवच कमकुवत झालं, आणि मोहरीच्या तेलानं उंदरांच्या कवचाची डागडुजी लांबली. जोरात रगडणं, डाळीच्या पिठानं अंगावरची लव काढणं, धुरी देणं, यांना कवचाच्या दृष्टीनं काहीच आधार नाही. न्हाऊ घालणाऱ्या बाईला हे सांगायला घरातल्या मोठ्यांनीच पुढे व्हावं. नव्या आईचं कुणी ऐकत नाही. जन्मल्यावर अंगावर जो पांढरा चिकट थर असतो तोही पुसून काढायची घाई नको. पहिली आंघोळ २४ तास तरी लांबवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पूर्ण दिवसांच्या बाळांबद्दल आयर्लंडमधल्या कॉर्कचा अभ्यास मोठा आहे. जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी बाळांचा टीईडब्ल्यूएल मोजला. ज्यांचा आकडा वरच्या पाव भागात होता त्यांना वर्षाच्या आत इसब होण्याची शक्यता इतरांच्या कितीतरी पट निघाली, आणि तेव्हा कातडीवर काहीच दिसत नव्हतं. मग सहजच वाटतं, सगळ्याच बाळांना पहिल्या दिवसापासून मॉइश्चरायझर लावलं तर इसब टळेल. ब्रिटनमध्ये १३९४ बाळांवर हेच करून पाहिलं. २०२० साली निकाल आला: दोन वर्षांच्या वयाला रोज मॉइश्चरायझर लावलेल्यांत २३ टक्क्यांना इसब, न लावलेल्यांत २५ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. उलट कातडीचे संसर्ग लावलेल्या गटात थोडे जास्तच झाले. इसब झालेल्या मुलाला मॉइश्चरायझर हवंच, तो उपचाराचा पाया आहे. पण धडधाकट बाळाला इसब होऊ नये म्हणून महागड्या बाटल्या घेण्याची गरज नाही, हे मी ठामपणे सांगते.

पार्लरमधलं मीटर आणि मेडिकलमधली ट्यूब

हल्ली सातारा-सांगलीच्या पार्लरमध्ये, प्रदर्शनांत, मेडिकलच्या काउंटरवर गालाला टेकवायची छोटी यंत्रं आली आहेत. ‘तुमची स्किन ३४ टक्के हायड्रेटेड’ असं काहीतरी दाखवतात आणि पाठोपाठ क्रीम. ते यंत्र वरच्या थरात आत्ता किती ओल आहे ते विजेच्या मदतीनं मोजतं. टीईडब्ल्यूएल वेगळा: तो पाणी किती वेगानं निघून चाललंय ते सांगतो. तोंड धुऊन लगेच पहिलं यंत्र लावलं तर टक्के मस्त येतील, आणि त्याच वेळी ओल्या कातडीतून पाणी भराभर उडत असेल. खरं टीईडब्ल्यूएलचं यंत्र मुख्यतः संशोधनाच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळांत असतं. त्वचारोगतज्ज्ञ इसबाचं निदान डोळ्यांनी बघून, हातानं चाचपून आणि प्रश्न विचारूनच करतात. त्यांच्याकडे हे यंत्र नाही म्हणून ते कमी ठरत नाहीत. कुणी आकडा दाखवून काही विकायला लागलं तर विचारा: एकक काय आहे, खोलीचं तापमान किती, आणि मी इथे किती वेळ शांत बसले होते?

शेवटी एक धोका, जो मला मेडिकलच्या दुकानांत सारखा दिसतो. गजकर्ण-नायट्यासाठी किंवा गोरं होण्यासाठी लोक जी मलमं मागून नेतात त्यांपैकी कितीतरींमध्ये जोरदार स्टेरॉइड असतं. पहिल्या आठवड्यात खाज थांबते, रंग उजळल्यासारखा वाटतो. आत मात्र कवचाचे स्निग्ध पदार्थ तयार होणं मंदावतं, टीईडब्ल्यूएल वाढतो, कातडी पातळ होते, आणि नायट्याची बुरशी स्टेरॉइडच्या आडून पसरत राहते. अशा कितीतरी मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री २०१८ साली सरकारनं बंद केली आहे. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं आणि डॉक्टरांनी ते लिहून दिलेलं नसेल, तर घेऊ नका. महिनोन्महिने लावत असाल तर आपल्या मनानं एकदम बंदही करू नका, कारण चेहरा भडकतो. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा लावलं ते खरं सांगा.